धुराड्यांतील मुलें

घर म्हटलें कीं भिंती, छप्पर, दारें आणि खिडक्या एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु प्रत्येक घराला आणखी एक अवयव असतो, आणि तो म्हणजे त्याची श्वासाची वाट. चुलीचा धूर ज्या वाटेनें बाहेर पडतो आणि ताजी हवा ज्या वाटेनें आंत येते, ती वाट मोकळी असेपर्यंत तिची कोणाला आठवणहि होत नाहीं. ती तुंबली म्हणजे मात्र सारें घर कासावीस होतें. कोंकणांतील किंवा देशावरील जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि गवाक्षांतून निघून जाई. तुळया काळ्या होत, घरच्या बायकांच्या डोळ्यांना पाणी येई, आणि दिवाळीपूर्वीं लांब काठीला केरसुणी बांधून जळमटें काढलीं म्हणजे वर्षाची निश्चिंती होई. तो धूर निरुपद्रवी होता असें नव्हे. परंतु तो काढून देण्यासाठीं कोणाला भिंतीच्या पोटांत शिरावें लागत नसे. इंग्लंडांत मात्र सुमारें दोनशें वर्षें ही पाळी माणसांवर आली, आणि माणसांतहि ती अगदीं लहान मुलांवर आली. घर स्वच्छ ठेवण्याच्या धंद्याचा हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

लंडन शहरांत दगडी कोळसा तेराव्या शतकापासून जळत होता. परंतु सोळाव्या शतकांत सरपण महागलें, तेव्हां तो घरोघर शिरला. न्यूकॅसलच्या बाजूचा कोळसा गलबतांत भरून समुद्रमार्गें लंडनला येऊं लागला. लांकडाच्या आगीला ऐसपैस धुराडें चालतें; कोळशाला मात्र लहान शेगडी आणि अरुंद, उंच नळी असली म्हणजे हवेची ओढ चांगली लागते. पुढें १६६६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत एका भटारखान्यांत लागलेल्या आगीनें चार दिवसांत लंडनची राखरांगोळी केली. सुमारें १३,२०० घरें आणि ८७ चर्चें त्या आगींत जळालीं. शहर पुन्हां उभारतांना नवीं घरें विटांचीं किंवा दगडांचींच असावीं असा कायदा झाला, आणि हळूहळू अरुंद, उंच, तीन-चार मजल्यांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. प्रत्येक खोलींत एक शेगडी आणि प्रत्येक शेगडीला भिंतींतून वर जाणारी तिची स्वतःची नळी. या नळ्या सरळ वर जात नसत. वरच्या मजल्याची शेगडी चुकविण्यासाठीं त्या वांकत, आडव्या जात, पुन्हां वर वळत, आणि शेवटीं छपरावरील एका धुराड्यांत एकमेकींना बिलगून बाहेर पडत. नळीचें माप पुष्कळदां चौदा इंच लांब आणि नऊ इंच रुंद एवढें असे. कांहीं ठिकाणीं ती नऊ इंचांची चौरस असे.

कोळशाची काजळी लांकडाच्या काजळीहून चिकट असते. ती नळीच्या आंतल्या बाजूला थरावर थर चढून बसते. ती काढली नाहीं तर दोन संकटें संभवतात. एक म्हणजे धूर उलटा खोलींत येतो; आणि दुसरें म्हणजे ती काजळीच पेट घेते आणि भिंतींतून आगीचा लोळ वर जातो. मोठ्या आगीची दहशत मनांत बसलेल्या शहराला हें दुसरें संकट फार भयंकर वाटे. म्हणून धुराडीं वरचेवर साफ झालींच पाहिजेत. पण नऊ इंचांच्या नळींत शिरणार कोण? ज्याचे खांदे अजून भरले नाहींत तोच शिरूं शकेल. या साध्या हिशेबांतून धुराडें चढणाऱ्या मुलांचा धंदा जन्माला आला.

हीं मुलें कोठून येत? कांहीं अनाथ असत. पॅरिशचे अधिकारी त्यांना उमेदवार म्हणून धुराडेवाल्या धन्याच्या हवालीं करीत, आणि त्यांच्या पोषणाचा भार उतरल्याबद्दल धन्यालाच वर थोडे पैसे देत. कांहींना दारिद्र्यानें गांजलेले आईबाप थोड्या गिनींसाठीं विकून टाकीत. कागदोपत्रीं त्याला विक्री म्हणत नसत. उमेदवारीचा करार म्हणत. धंदा शिकविण्याच्या नांवाखालीं कित्येक वर्षांचा करार होई. मूल सहा-सात वर्षांचें असलें म्हणजे उत्तम समजत; चार-पांच वर्षांचीं मुलेंहि या कामाला लावल्याचे दाखले आहेत. मूल जितकें लहान आणि अंगानें बारीक, तितकी त्याला किंमत अधिक.

काम शिकण्याची रीति अशी होती. मुलानें टोपी तोंडावर हनुवटीपर्यंत ओढून घ्यावयाची, म्हणजे काजळी नाकातोंडांत जात नाहीं. एक हात डोक्यावर सरळ उभा, त्यांत कुंचा. दुसरा हात अंगाला चिकटलेला. मग कोंपर, गुडघे, पाठ आणि टांचा यांच्या आधारानें सुरवंटाप्रमाणें इंच इंच वर सरकावयाचें, आणि सरकतां सरकतां काजळी झाडून व खरवडून खालीं पाडावयाची. पहिल्या पहिल्यानें कोंपरांची व गुडघ्यांची सालटीं निघत आणि रक्त वाहूं लागे. तेव्हां धनी त्या जखमांवर खारट पाणी चोळी आणि कातडी घट्ट व्हावी म्हणून मुलाला रसरशीत आगीजवळ उभें करी. कातडीला घट्टे पडण्यास कित्येक महिने लागत. तोंवर मूल रडतच वर जाई. भ्यालें तर खालून त्याच्या तळपायांना टोंचीत. झाडलेली काजळी पोत्यांत भरून धन्याच्या घरीं जाई आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई. धन्याची खरी मिळकत पुष्कळ अंशीं तीच असे. रात्रीं मुलें त्याच पोत्यांवर झोंपत आणि तींच अंगावर पांघरीत. आंघोळ महिनोन्‌महिने होत नसे.

नळीच्या वळणावर काजळीचा ढीग सांचलेला असे. वरून उतरणारें मूल त्यांत फसलें कीं ती अंगाभोंवतीं कोसळे आणि श्वास कोंडे. कधीं पाय निसटून गुडघे हनुवटीला भिडत आणि शरीराची पाचर बसे. मग जितकी धडपड करावी तितकी ती पाचर घट्ट होई. अशा वेळीं गवंडी बोलावून भिंत फोडावी लागे, आणि तो येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

अपघात डोळ्यांना दिसत. रोग दिसत नव्हता. तो प्रथम दाखवून दिला पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें. पॉट हा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांतील नामांकित शस्त्रक्रियातज्ज्ञ होता. धुराडीं साफ करणाऱ्यांना वयांत आल्यावर वृषणाच्या कातडीवर एक विशिष्ट व्रण होतो, हें त्याच्या नजरेस आलें. त्या धंद्यांतील लोक त्याला काजळीचा चामखीळ म्हणत, आणि वैद्य त्याला भलताच गुप्तरोग समजून पारा देत. १७७५ सालीं पॉटनें लिहिलें कीं, हा कर्करोग आहे आणि त्याचें कारण कातडीच्या वळ्यांत सांचून राहणारी काजळी होय. एखाद्या धंद्यांतील एखाद्या पदार्थामुळें कर्करोग होतो असें वैद्यकाच्या इतिहासांत स्पष्टपणें दाखविलें गेलें, तें याच वेळीं. पॉटनें या मुलांच्या दैवाबद्दल फार कळवळून लिहिलें आहे. पण वैद्य निदान करूं शकतो, धंदा बंद करूं शकत नाहीं.

त्या दिशेनें पहिलें पाऊल टाकलें जोनास हॅनवे या व्यापाऱ्यानें. हा गृहस्थ तरुणपणीं रशिया व इराण हिंडून आला होता, आणि लंडनच्या रस्त्यांत छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष म्हणून लोक त्याची टिंगल करीत. त्यानें १७७३ मध्यें आणि पुन्हां १७८५ मध्यें या मुलांच्या स्थितीविषयीं लिहून लोकांचें लक्ष वेधलें. १७८६ सालीं तो वारला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १७८८ सालीं, पार्लमेंटानें पहिला कायदा केला. आठ वर्षांच्या आंतील मूल उमेदवार म्हणून घेऊं नये, एका धन्याजवळ सहांपेक्षां अधिक उमेदवार नसावेत, आठवड्यांतून एकदां तरी मुलाला स्वच्छ आंघोळ घालावी, पेटलेल्या धुराड्यांत त्याला चढवूं नये, आणि त्याच्या टोपीवर धन्याच्या नांवाचा पितळी बिल्ला असावा, अशीं कलमें त्यांत होतीं. मूळ मसुद्यांत आणखी एक महत्त्वाचें कलम होतें. प्रत्येक धन्यानें परवाना काढावा, असें तें कलम. उमरावांच्या सभेनें तेवढेंच गाळलें. परवाना नाहीं म्हणजे नोंद नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणजे देखरेखहि नाहीं. उरलेला कायदा कागदावर शोभून राहिला.

लोकांच्या मनांत दया नव्हती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कवि विल्यम ब्लेक यानें १७८९ मध्यें आणि पुन्हां १७९४ मध्यें या मुलांवर कविता लिहिल्या. एलिझाबेथ मॉन्टेग्यू ही विदुषी दर साल मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या वाड्यापुढें लंडनमधील धुराडेवाल्या मुलांना मेजवानी देई. त्या दिवशीं मुलांना भाजलेलें मांस आणि गोड पुडिंग पोटभर मिळे. १८०० सालीं ती वारली तेव्हां हा परिपाठ संपला. एक दिवस पोटभर जेवलेलीं तीं मुलें दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहांटे उठून धुराड्यांत शिरत. तीनशें चौसष्ट दिवसांचा प्रश्न एका दिवसाच्या दयेनें सुटत नाहीं, हें उघड होतें.

१८०३ सालीं लंडनमध्यें एक संस्था निघाली. मुलांना चढविण्याची गरजच नाहींशी करणें हा तिचा उद्देश होता. तिनें धुराडें साफ करणाऱ्या यंत्राला बक्षीस जाहीर केलें. जॉर्ज स्मार्ट यानें केलेलें यंत्र त्यांत सरस ठरलें. पोकळ काठ्यांचे तुकडे, त्यांतून ओवलेली दोरी, आणि टोंकाला मोठा कुंचा, असें त्याचें साधें स्वरूप. काठीला काठी जोडीत कुंचा वर ढकलावयाचा आणि दोरी ताणून सर्व एकसंध करावयाचें. पुढें १८२८ सालीं जोसेफ ग्लास यानें लवचीक वेताच्या काठ्या वापरून त्यांत अशी सुधारणा केली कीं वळणांतूनहि कुंचा सहज जाऊं लागला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच मुलाऐवजीं वापरावयाचें साधन हातीं आलें होतें. तें महाग नव्हतें, अवघड नव्हतें, आणि बहुतेक सर्व धुराड्यांत चालत होतें. स्कॉटलंडांतील एडिंबरोसारख्या शहरांत तर दोरीला वजन आणि झाडू बांधून वरून सोडण्याची जुनी रीतच होती.

मग तें सर्वत्र कां रूढ झालें नाहीं? हा या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर १८१७ सालीं पार्लमेंटाच्या एका समितीपुढें झालेल्या साक्षींत सांपडतें. त्यांतील एक हकीकत अशी. १८१३ सालच्या मार्च महिन्यांत लंडनच्या एका दारूभट्टींतील धुराडें साफ करावयाचें होतें. शेगडी पहांटे दोन वाजल्यापासून पेटलेली होती. आठच्या सुमारास धनी टॉमस पिट नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. आग विझविली, पण नळी आणि शेगडींत शिरलेला लोखंडी नळ थंड होण्याची वाट कोणी पाहिली नाहीं. मुलाला वरून आंत सोडलें. तळाशीं पोंचल्यावर त्यानें ओरडून सांगितलें कीं आपल्याला वर येतां येत नाहीं, आपण येथेंच मरणार. भिंत फोडून त्याला बाहेर काढलें तेव्हां अंग भाजलेलें होतें आणि प्राण गेलेला होता.

अशा साक्षींनीं समितीचें मत बनलें; कॉमन्स सभेनें मुलांना चढविण्यास बंदी करणारीं विधेयकें संमत केलीं; आणि उमरावांच्या सभेनें तीं नामंजूर केलीं. लॉर्ड लॉडरडेल यांचें म्हणणें असें कीं, असल्या सुधारणा कायद्यानें न करतां लोकांच्या नीतिबुद्धीवर सोंपवाव्या. नीतिबुद्धीच्या आड कांहीं व्यवहारी कारणेंहि होतीं. ज्या थोड्या धुराड्यांत यंत्र चालत नव्हतें, तीं बहुतेक मोठमोठ्या वाड्यांचीं आणि सार्वजनिक इमारतींचीं होतीं. तेथें नळ्या फार वांकड्यातिकड्या असत. तीं सुधारावयाचीं म्हणजे भिंतींत साफसफाईचीं लहान दारें पाडावीं लागणार, म्हणजे खर्च आला आणि दिवाणखान्याची शोभा बिघडली. शिवाय यंत्रानें काजळी गालिच्यावर सांडते, मूल अधिक चांगलें साफ करतें, असा गृहिणींचा समज होता. तो समज मोलकरणींनीं आणि धन्यांनीं जपला. कारण यंत्र घेतलें तर पदरचे पैसे घालावे लागणार, आणि मूल तर जवळ जवळ फुकटच होतें.

१८३४ सालीं दुसरा कायदा झाला. उमेदवाराचें किमान वय दहा झालें, आणि नवीं धुराडीं किती रुंद असावीं याचेंहि माप ठरलें. १८४० सालच्या तिसऱ्या कायद्यानें एकवीस वर्षांच्या आंतील कोणालाहि धुराड्यांत चढविणें गुन्हा ठरविलें. तो १८४२ पासून अंमलांत आला. लंडनमध्यें त्याचा कांहीं परिणाम दिसला. बाहेरगांवीं मात्र मॅजिस्ट्रेटांच्या स्वतःच्या घरांतच मुलें चढत होतीं, तेव्हां खटला भरणार कोण आणि शिक्षा देणार कोण? १८६३ मध्यें मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें अहवाल दिला, त्यांत हा धंदा मागच्या दारानें पुन्हां वाढत असल्याचें नमूद झालें. त्याच वर्षीं चार्ल्स किंग्स्ले यांची धुराडेवाल्या मुलाची अद्भुत कथा पुस्तकरूपानें निघाली आणि ती घरोघर वाचली गेली. १८६४ सालीं लॉर्ड शॅफ्ट्स्बरी यांनीं चौथा कायदा संमत करून घेतला. त्यांत दंडाऐवजीं तुरुंगाची तरतूद होती. तरीहि मुलें मरतच राहिलीं. शॅफ्ट्स्बरी प्रत्येक मृत्यूची बातमी उमरावांच्या सभेपुढें मांडीत, आणि सभा ती ऐकून घेई.

१८७५ सालच्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळील फुलबोर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाचें धुराडें साफ करण्यास विल्यम वायर हा धनी गेला. त्याच्याबरोबर जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. कायद्यानें त्याला चढविण्यास बंदी होऊन तेहतीस वर्षें लोटलीं होतीं. मुलगा नळींत अडकला. भिंत पाडून त्याला बाहेर काढलें. पण थोड्याच वेळांत तो मरण पावला. वायरवर सदोष मनुष्यवधाचा खटला होऊन त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वर्तमानपत्रांनीं तें प्रकरण उचलून धरलें, आणि शॅफ्ट्स्बरी यांनीं त्याच वर्षीं पांचवा आणि शेवटचा कायदा संमत करून घेतला.

या कायद्यांत नवें असें काय होतें? मुलांना बंदी तर पूर्वीच झालेली होती. नवें कलम एकच होतें, आणि तें खरें पाहतां सत्त्याऐंशीं वर्षांचें जुनें होतें. धुराडीं साफ करणाऱ्या प्रत्येकानें दर वर्षीं पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि कायदा मोडला जात नाहीं ना हें पाहण्याची जबाबदारी पोलिसांवर असावी, एवढेंच तें कलम. १७८८ सालीं उमरावांनीं जें गाळलें, तेंच १८७५ सालीं घालावें लागलें. तेवढ्यानें काम झालें. परवाना जाण्याच्या भीतीनें धन्यांनीं मुलें सोडलीं आणि कुंचे धरले. घरांतील गालिचे खराब झाले नाहींत, धुराडीं तुंबलीं नाहींत, आणि घरांना आगीहि लागल्या नाहींत. शंभर वर्षें जी अडचण दुर्लंघ्य म्हणून सांगितली जात होती, ती कांहीं काठ्यांनीं आणि एका कागदानें दूर झाली.

याच १८७५ सालाचा मुंबईशींहि एक धागा जुळलेला आहे. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत याच शॅफ्ट्स्बरी यांनीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील मुलांच्या मजुरीचा प्रश्न उमरावांच्या सभेंत काढला. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा डोळ्यांत खुपणाऱ्या लँकेशायरच्या मालकांना हा विषय सोयीचा होता, हें खरें. परंतु शॅफ्ट्स्बरी यांचें त्यापूर्वींचें सारें आयुष्य या कामांत गेलें होतें, हेंहि तितकेंच खरें. त्याच वर्षीं मुंबईंत चौकशीसमिति बसली. मुंबईंत सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं कायद्याचा पाठपुरावा केला. आणि १८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांच्या आंतील मुलांना कामावर घेऊं नये आणि बारा वर्षांच्या आंतील मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षां अधिक काम घेऊं नये, एवढीच मजल त्यानें मारली. तो अपुरा आहे हें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा भरवून व अर्ज करून सरकारच्या नजरेस आणून दिलें.

इकडे काजळीचें कोडें शास्त्रज्ञ उलगडीत होते. हेन्री बटलिन यानें १८९२ सालीं दाखविलें कीं, युरोप खंडांतील धुराडेवाले अंगभर घट्ट कपडे घालतात आणि नियमितपणें अंग धुतात, म्हणून त्यांच्यांत तो रोग क्वचित् आढळतो. १९१५ च्या सुमारास यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांवर डांबर पुनःपुन्हां लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं त्या डांबरांतून बेंझोपायरीन हें द्रव्य वेगळें काढलें. पॉटच्या निदानाची रासायनिक साक्ष मिळण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

घरांच्या श्वासाची वाटहि या अवधींत बदलली. १९५२ सालच्या डिसेंबरांत लंडनवर धुराचें दाट धुकें पांच दिवस बसलें आणि हजारों लोक दगावले. तेव्हां १९५६ मध्यें स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरगुती कोळशाचें राज्य संपत आलें. अमेरिकेंत त्यापूर्वींच घराच्या तळघरांतील भट्टींतून गरम हवा पत्र्याच्या नळ्यांनीं खोल्याखोल्यांत नेण्याची रीत पडली होती. पुढें त्याच नळ्यांतून थंड हवा खेळूं लागली. या नळ्यांत काजळी नसते, पण धूळ, केंस, आणि ओल लागली तर बुरशी सांचते. म्हणून त्या साफ करण्याचा नवा धंदा निघाला. त्याचीं साधनें पाहिलीं तर जुन्या ओळखीचीं वाटतात. एक म्हणजे लवचीक दांड्याच्या टोंकाला फिरणारा कुंचा, म्हणजे ग्लासच्या वेताच्या काठीचा वंशज. दुसरें म्हणजे धूळ शोषून घेणारें यंत्र. ह्यूबर्ट सेसिल बूथ यानें १९०१ सालीं लंडनमध्यें घोड्यांच्या गाडीवर असें यंत्र बसविलें होतें. तें रस्त्यांत उभें करून त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. आजचें यंत्र आधीं नळींतील हवा ओढून धरतें, म्हणजे कुंच्यानें सुटलेली धूळ खोलींत न येतां बारीक गाळणींत अडकते.

या नव्या धंद्याची बढाईहि जुन्या धंद्यासारखीच तपासून घ्यावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें १९९७ सालीं गृहस्थांसाठीं पुस्तिका काढून स्पष्ट सांगितलें कीं, घरांतील हवेच्या नळ्या साफ केल्यानें आजार टळतात असें सिद्ध झालेलें नाहीं. नळींत डोळ्यांना दिसणारी बुरशी असली, उंदीर किंवा किडे शिरले असले, अथवा धुळीनें ती तुंबून खोलींत धूळ उडूं लागली असली, तर ती साफ करावी. नेम म्हणून दर वर्षीं करण्याचें कारण नाहीं. बुरशी असेल तर आधीं ओल बंद करावी. नाहीं तर साफ केलेली नळी पुन्हां तशीच होते. आपल्याकडे बहुतेक घरांत हवा थंड करणारें यंत्र भिंतीवरच असतें आणि त्याला लांब नळ्या नसतात. त्याची जाळी वरचेवर धुतली आणि ओल सांचूं दिली नाहीं म्हणजे निम्म्याहून अधिक काम होतें. इस्पितळें, कचेऱ्या आणि नाट्यगृहें यांतील मोठ्या नळ्यांची गोष्ट निराळी. तेथें जाणत्या माणसांकडून ठराविक तपासणी व्हावी हेंच योग्य.

धुराड्याच्या इतिहासापासून घेण्यासारखा खरा धडा यंत्राविषयींचा नाहीं. यंत्र १८०३ सालीं होतें. मुलें १८७५ पर्यंत मरत होतीं. मधल्या बहात्तर वर्षांत उणीव होती ती पाहण्याची. घर ज्याचें, त्याला भिंतीच्या आंत काय चाललें आहे हें पहावयाचें नव्हतें; कायदा ज्याचा, त्याला तो मोडणाऱ्याची नोंद ठेवावयाची नव्हती. हा प्रकार केवळ इंग्लंडांतील किंवा गतकाळांतीलच नाहीं. भारतांत गटारें आणि मैल्याच्या टाक्या यांत माणसांना उतरविण्याची चाल मोडण्यासाठीं १९९३ मध्यें आणि पुन्हां अधिक कडकपणें २०१३ मध्यें कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला, आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाखांवर नेली. यंत्रें आहेत, कायदा आहे. तरी विषारी वायूनें गटारांत माणसें मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रांतील शहरांतूनहि येतात. टाकी साफ करावयास माणूस आला म्हणजे तो आंत उतरणार आहे कीं यंत्र लावणार आहे, हें सोसायटीच्या चिटणिसानें आणि घरच्या माणसांनीं विचारणें, एवढी गोष्ट तरी प्रत्येकाच्या हातची आहे. लंडनच्या गृहस्थांनीं हाच प्रश्न विचारला नाहीं.

फुलबोर्न येथें २०२५ सालीं जॉर्ज ब्रूस्टरच्या मृत्यूला दीडशें वर्षें झालीं, तेव्हां त्याच्या नांवाचा एक निळा स्मृतिफलक जुन्या इस्पितळाच्या जागीं बसविण्यांत आला. ज्या भिंतींत तो अडकला ती भिंत पाडावी लागली होती. फलकावर मात्र आतां त्याचें नांव वाचतां येतें.